भार घेऊन बूट निवडा

आठवड्यातून तीन दिवस सकाळी पाच-सात किलोमीटर धावायचं आणि रविवारी आठ-दहा किलोची सॅक पाठीवर टाकून टेकडी नाहीतर गड गाठायचा, असा व्यायाम करणारी माणसं आता पुण्या-मुंबईत, नाशिकला, कोल्हापुरात बरीच दिसतात. कुणाची हिमालयातल्या ट्रेकची तयारी चाललेली असते, कुणी भरतीच्या मागे असतं, तर कुणाला नुसतं धावून कंटाळा आलेला असतो. पाठीवर वजन घेऊन चालण्याला अमेरिकेत ‘रकिंग’ म्हणतात. तिथे तो सैन्याच्या कवायतीतून बाहेर पडून सर्वसामान्यांचा व्यायाम झाला आहे. आपल्याकडे पुण्यातले गिर्यारोहक मोहिमेआधी भरलेल्या सॅका घेऊन सिंहगड चढतात, तेही हेच. या दोन्ही कामांना मिळून एकच बूट घ्यायचा आणि तो झीरो ड्रॉप घ्यायचा, असं ज्यांनी मनाशी ठरवलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझं सांगणं आधीच सांगून टाकतो. असा बूट निवडताना धावण्याचा विचार दुसऱ्या नंबरावर ठेवा. वजन घेऊन उतार उतरताना पाय बुटात कसा राहतो, हे आधी पाहा. भरल्या सॅकसह दोन तास उतरून आल्यावरही जो बूट पायाला त्रास देत नाही, तो पाच-दहा किलोमीटर धावायला बहुतेक वेळा चालून जातो. धावायला हलकाफुलका वाटलेला बूट मात्र सॅकखाली टिकेलच, असं नाही.

ड्रॉप म्हणजे टाचेखालची सोलची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये तो ८ ते १२ मिलिमीटर असतो, म्हणजे टाच बोटभर उंचावर उभी असते. झीरो ड्रॉपमध्ये टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात. इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. झीरो ड्रॉप म्हणजे पातळ सोल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पाच-सहा मिलिमीटर जाडीचा बूटही झीरो ड्रॉप असतो आणि तेहतीस मिलिमीटर जाडीचाही. दुसरं म्हणजे झीरो ड्रॉप असला की पुढे बोटांना ऐसपैस जागा असणारच, असं धरलं जातं. तेही खरं नाही. ड्रॉप, जाडी आणि रुंदी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते आपल्या कामासाठी त्यांत सर्वांत महत्त्वाची रुंदी, मग जाडी आणि शेवटी ड्रॉप.

हे तीन गुण एकत्र गुंफले गेले त्याला एक कारण आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या ओरेम गावी गोल्डन हार्पर या धावपटूच्या घरचं रनिंग शूजचं दुकान होतं. तिथे त्यानं साध्या टोस्टर ओव्हनमध्ये बूट तापवून, गोंद सैल करून, टाचेखालची पाचर काढून टाकायचा उद्योग सुरू केला. असे सपाट केलेले बूट गिऱ्हाइकांना आवडू लागले. त्यातून २००९मध्ये ‘अल्ट्रा’ ही कंपनी उभी राहिली आणि २०११पासून तिचे बूट बाजारात आले. पुढे पायाच्या आकाराचा रुंद चवडा, मध्ये पुरेसा फोम आणि ड्रॉप शून्य, ही जोडणी तिथून रुळली. २००९ हेच ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टु रन’ या पुस्तकाचंही वर्ष. मेक्सिकोतले रारामुरी लोक टायरच्या चपला घालून डोंगरात मैलोन्‌मैल धावतात, हे त्या पुस्तकानं जगभर पोचवलं आणि अनवाणी धावण्याची लाट आली. त्या लाटेत बरंच काही वाहून गेलं, काही चांगलं मागे राहिलं.

वाहून जाण्यासारखं काय होतं, तेही सांगायला हवं, कारण दुकानदार आणि जाहिराती अजून तेच विकतात. झीरो ड्रॉपनं दुखापती टळतात, हा दावा. पाच बोटांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत याच कारणानं दावा गुदरला गेला. पायाचे स्नायू बळकट होतात आणि दुखापती कमी होतात, या जाहिरातीला आधार नाही, असं फिर्यादींचं म्हणणं होतं, आणि २०१४मध्ये कंपनीनं ३७.५ लाख डॉलर द्यायचं कबूल करून ते प्रकरण मिटवलं. त्याआधी २०१३मध्ये अमेरिकेतच एका अभ्यासात नेहमीचे धावपटू दहा आठवड्यांत अशा पातळ बुटांकडे वळवले गेले, तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. लक्झेंबर्गमध्ये साडेपाचशेवर धावपटूंवर सहा महिने चाललेला, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतो. १०, ६ आणि ० मिलिमीटर ड्रॉपच्या बुटांत दुखापतींचं एकूण प्रमाण सारखंच निघालं. पण अधूनमधून धावणाऱ्यांना कमी ड्रॉप मानवला आणि नियमित धावणाऱ्यांना तो जास्त नडला. याचा सरळ अर्थ असा घ्यावा, की जो पाय वर्षानुवर्षं उंच टाचेत धावून तयार झाला आहे, त्याला सपाट बूट हा मोठा बदल आहे आणि त्यासाठी वेळ द्यावा लागेल. धावपटू ॲबेबे बिकिला १९६०मध्ये रोम ऑलिंपिकला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून त्याहून वेगानं धावला, हेही लक्षात ठेवावं.

मग झीरो ड्रॉप घ्यायचाच कशाला? माझ्या मते त्याची दोन खरी कारणं आहेत. एक, धावताना गुडघ्यावरचा ताण काहीसा कमी होतो. तो नाहीसा होत नाही, पोटरी आणि टाचेमागची जाड शीर तो घेतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात पण पोटऱ्या दणकट आहेत, त्यांना हा सौदा फायद्याचा. दुसरं कारण वजन घेऊन चालण्याशी थेट जोडलेलं आहे. सॅक पाठीवर असली की शरीराचा तोल मागे जातो आणि तो सावरायला आपण कमरेतून पुढे झुकतो. त्यात टाच उंच असेल तर उतारावर पाय आणखी पुढे लोटला जातो. सपाट बुटात उभं राहणं सोपं होतं, पाय पूर्ण टेकतो आणि खडबडीत वाटेवर पावलाचा अंदाज चांगला येतो.

आता धावणं आणि भार घेऊन चालणं ही दोन कामं पायाकडून काय मागतात, ते पाहू. सत्तर किलोचा माणूस धावतो तेव्हा प्रत्येक पावलाला त्याच्या वजनाच्या अडीच पट जोर जमिनीवर पडतो, म्हणजे सुमारे १७५ किलो. तोच माणूस दहा किलोची सॅक घेऊन चालतो तेव्हा हा आकडा शंभरच्या आसपास राहतो. म्हणजे दणका धावण्यातच जास्त. पण धावताना पाव सेकंदात पाय उचलला जातो. चालताना पावलाच्या एकूण वेळातला साठ टक्के वेळ तो जमिनीवर दाबलेला असतो, आणि असं तासाला सहा हजार पावलं, तीन-चार तास. त्यामुळे भाराच्या चालण्यात पाय दणक्यानं थकत नाही, दाबानं थकतो. तळवा पसरतो, तापतो, घामानं मऊ पडतो, आणि उतारावर बोटं पुढे आदळत राहतात. काळी पडलेली नखं, करंगळीच्या कडेचे फोड आणि चवड्याची आग ही त्याचीच लक्षणं.

आणखी एक फरक आहे. झीरो ड्रॉपमध्ये धावताना अनेकांचं पाऊल आपोआप मधल्या भागावर पडायला लागतं. पण चालताना, त्यातून वजन घेऊन, पहिली टेकते ती टाचच. आता समजा बुटाचा फोम लोण्यासारखा मऊ आहे. दुकानात तो झकास वाटतो. पण भरलेली सॅक घेऊन चाललात की टाचेखालचा फोम जास्त दबतो आणि काही महिन्यांत तिथे कायमचा बसतो. कागदावर शून्य असलेला ड्रॉप प्रत्यक्षात उणे होतो, टाच चवड्याहून खाली जाते आणि पोटरी प्रत्येक पावलाला जास्तच ताणली जाते. झीरो ड्रॉप घालून पोटऱ्या आणि टाचा सारख्या दुखतात, अशी तक्रार करणाऱ्यांचा बूट हातात घेऊन टाचेजवळ बाजूनं पाहावा. फोमवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, तर दोष ड्रॉपचा नाही, मऊ फोमचा आहे. म्हणून या दुहेरी कामाला फोम जरा टणक निवडावा. अंगठ्यानं टाचेच्या बाजूला जोरात दाबा. अंगठा थोडा रुतावा आणि सोडल्याबरोबर फोम परत यावा. सहज खोल रुतला तर तो बूट नुसत्या धावण्यासाठी ठेवलेला बरा.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे: २० ते २६ मिलिमीटर. दहा-बारा मिलिमीटरच्या आतले बूट गवतावर, ट्रॅकवर, घरच्या व्यायामाला उत्तम. पण सॅक घेऊन मुरमाच्या वाटेवर तासभर चाललं की प्रत्येक खडा तळव्याला मोजता येतो, आणि दमलेला पाय खडे चुकवत चालायला लागला की घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. दुसऱ्या टोकाला तीस मिलिमीटरच्या वरचे गुबगुबीत बूट. डांबरी रस्त्यावर लांब धावायला ते छान, पण उंचावर उभं राहून पाठीवर वजन असताना पाऊल दगडाच्या कडेवर पडलं, तर घोटा आत-बाहेर वळण्याची भीती जास्त. मधल्या जाडीत दोन्हीकडचं पुरेसं मिळतं.

आता रुंदी आणि लांबी, ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. घरी एक प्रयोग करा. संध्याकाळी, दिवसभर चालून-उभं राहून झाल्यावर, कोऱ्या कागदावर एक पाय ठेवून सरळ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पायाची कड गिरवायला सांगा. स्वतः वाकून गिरवलं तर वजन सरकतं आणि माप चुकतं. मग पाय न हलवता पाठीवर तुमची नेहमीची सॅक चढवा आणि वेगळ्या रंगानं पुन्हा गिरवा. बहुतेकांच्या पायाची दुसरी रेघ पहिलीच्या बाहेर जाते, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी सर्वांत ठळक. भाराखाली तळव्याची कमान खाली बसते, त्यामुळे पाय लांबतो आणि पसरतो. दोन-चार मिलिमीटरचाच हा फरक, पण बुटात तेवढाच नखाला आणि फोडाला पुरतो. दोन्ही पायांचं माप घ्या, कारण बहुतेकांचा एक पाय मोठा असतो आणि बूट त्याच्या मापानंच घ्यायचा असतो.

हा कागद दुकानात न्या. बुटातला सुटा आतला सोल बाहेर काढा आणि बाहेरची, म्हणजे सॅकसह काढलेली रेघ त्याच्यावर ठेवून पाहा. पायाची रेघ सोलच्या कडेबाहेर कुठेही जाता कामा नये, आणि सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. नुसत्या धावण्यासाठी सेंटिमीटरभर पुरतं, भारासाठी सव्वा धरा. लांबी पुरते पण रुंदी कमी पडते, असं झालं तर मोठा नंबर घेऊन काम भागवू नका. मोठ्या नंबरात बूट ज्या जागी वाकायला हवा ती जागा पुढे सरकते, टाच सैल होते आणि त्रास नुसता एकीकडून दुसरीकडे जातो. त्या कंपनीचा साचा आपल्या पायाचा नाही, एवढं समजून पुढच्या दुकानात जावं. आपल्याकडे लहानपणापासून चपला वापरलेली माणसं पुष्कळ, त्यांचे चवडे मोकळे, पसरट असतात. त्यांना हा अनुभव वारंवार येईल.

दुकानात जाताना सॅक बरोबर न्यायला लाजू नका. आत दोन लिटर पाण्याच्या तीन-चार बाटल्या भरून ठेवल्या की झालं. बूट घालून, सॅक चढवून दुकानाच्या जिन्यावर जा आणि हळूहळू खाली उतरा. एका पायरीच्या कडेवर चवडे किंचित बाहेर ठेवून, कठडा धरून, उतरतीकडे झुकून उभे राहा. बोटं पुढे टेकत असतील तर आधी लेस नीट बांधून पाहा. बुटाच्या सर्वांत वरच्या बाजूला जे एक जादा भोक असतं आणि जे बहुतेक जण रिकामं सोडतात, त्यातून लेस बाहेरून आत घेऊन दोन्हीकडे छोटे फास करा, समोरच्या लेसचं टोक त्या फासातून ओवा आणि मग घोट्याकडे ओढून गाठ मारा. टाच मागे पक्की बसते आणि पुढची बोटं मोकळी राहतात. एवढं करूनही बोटं टेकली, तर बूट परत ठेवा. टाच वर उचलताना बुटातून सुटते आहे का, तेही चढताना पाहा. पुढे मोकळा आणि मागे घट्ट, असा बूट आपल्याला हवा. पुढे मोकळे असलेले अनेक झीरो ड्रॉप बूट मागेही ढिलेच असतात आणि तिथेच ते भाराला नापास होतात.

बूट हातात घेऊन वाकवून आणि पिळूनही पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. पिळताना थोडा प्रतिकार हवा. चिंधीसारखा पिळला जाणारा बूट रिकाम्या पायाला मजेचा, पण दहा किलो घेऊन दगडांवर चालताना पायाच्या लहान लहान स्नायूंना सगळं काम एकट्यानं करावं लागतं.

तळाची पकड आपल्या जमिनीवर बेतून घ्यायची. आपली वाट एकजिनसी नसते. घरापासून टेकडीपर्यंत डांबर आणि सिमेंट, मग मुरूम, उन्हाळ्यात घसारा, वर कातळ, आणि जून ते सप्टेंबर त्याच कातळावर शेवाळ. पाच-सहा मिलिमीटर उंच दात असलेला तळ चिखलात बेस्ट, पण डांबरावर धावून ते दात काही महिन्यांत झिजतात आणि कातळावर त्यांचा जमिनीला स्पर्शच कमी होतो. रस्त्याच्या बुटाचा गुळगुळीत तळ घसाऱ्यावर सोडून देतो. तीन-साडेतीन मिलिमीटरचे, चपटे आणि एकमेकांच्या जवळ असलेले दात, ही मधली वाट. रबर नखानं दाबून पाहा. किंचित दबणारं रबर ओल्या दगडाला चिकटतं, कडक रबर जास्त टिकतं पण घसरतं. शेवाळावर मात्र कुठलंच रबर भरवशाचं नाही. तिथे पाऊल बघून टाकायचं, एवढंच.

वॉटरप्रूफ बूट सह्याद्रीच्या पावसासाठी घेऊ नये, असं माझं मत आहे. आपला पाऊस वरून पडतो, वाटेवरून ओढ्यासारखा वाहतो आणि बुटाच्या तोंडातून आत शिरतो. आत गेलेलं पाणी मग बाहेर पडत नाही, बूट जड होतो आणि तळवा तासन्‌तास भिजून सालटं निघतात. उघड्या जाळीचा बूट भिजतो तसा चालता चालता निथळतो. मोज्यांच्या बाबतीत सुती टाळा. पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या, आणि बोटांमध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे वापरून पाहा.

नावं घ्यायची तर या कामाला जवळचा नमुना म्हणून अल्ट्राचा ‘लोन पीक’ सांगता येईल. त्याची जाडी सुमारे २५ मिलिमीटर, चवडा रुंद, तळाला दात. टेकडी आणि गड जास्त, रस्ता कमी, असं ज्यांचं प्रमाण आहे त्यांनी त्याच्यापासून तुलना सुरू करावी. रस्ता जास्त असेल तर त्याच कंपनीचा ‘एस्कलांटे’ जवळपास तेवढ्याच जाडीचा, पण सपाट तळाचा. झीरो शूज, व्हिवोबेअरफूट यांचे बहुतेक बूट आणि मेरेलचा ‘व्हेपर ग्लोव्ह’ हे पातळ सोलचे. ज्यांचे पाय आधीच तयार आहेत आणि वजन कमी घेतात, त्यांच्यासाठी ते ठीक. कंपनीच्या नावावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. झीरो ड्रॉपवरच नाव कमावलेल्या अल्ट्रानं आता ४ मिलिमीटर ड्रॉपचे बूटही काढले आहेत. टोपो कंपनीचे चवडे रुंद असतात पण बहुतेक बुटांत ३ किंवा ५ मिलिमीटर ड्रॉप असतो. खरं सांगायचं तर पायात नीट बसणारा ३-४ मिलिमीटर ड्रॉपचा बूट आणि करंगळी दाबणारा झीरो ड्रॉप यांत निवड करायची वेळ आली, तर पहिला घ्यावा. शिवाय दर नव्या आवृत्तीत साचा बदलतो, त्यामुळे मित्राला दोन वर्षांपूर्वी जो बसला तो आज तुम्हाला बसेलच, असं नाही.

यातले काही बूट आपल्याकडच्या दुकानांत सहज दिसत नाहीत. मग अमेरिकेतून, इंग्लंडहून येणाऱ्या भावाला नाहीतर भाचीला सांगितलं जातं. त्यांना नुसता नंबर कळवू नका, कारण अमेरिकन आणि ब्रिटिश नंबरांत फरक असतो. सॅकसह गिरवलेल्या रेघेची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये कळवा आणि दुकानात आतला सोल काढून तो मोजायला सांगा. परत करण्याची सोय नसताना एवढी तसदी घेणं रास्त आहे. आणि पैसे घालण्याआधी सपाटपणा आपल्याला मानवतो का, हे स्वस्तात पाहायचं असेल तर शाळेतल्या पीटीच्या सपाट कॅनव्हास बुटात महिनाभर नुसतं चालून पाहा. त्यात लांब धावू नका.

काहींनी या वाटेला स्वतःहून जाऊच नये. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झालेले, टाचेमागची शीर आधीपासून दुखणारे, पायाचा अंगठा वर वळताना अडकतो असे लोक, यांनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावं. बाकीच्यांनी एक चाचणी करावी. भिंतीकडे तोंड करून, अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर घोट्याची हालचाल चांगली आहे. बरंच जवळ यावं लागलं तर पोटऱ्या आखडलेल्या आहेत. त्या मोकळ्या होईपर्यंत ४ मिलिमीटर ड्रॉपचा बूट तुमच्यासाठी जास्त शहाणपणाचा.

बूट घरी आला की खरं काम सुरू होतं, आणि इथे घाई सर्वांत महाग पडते. सपाट पायताणात भार घेऊन चालणं आपल्या लोकांना नवं नाही. वारकरी सपाट चपलेत, कुणी अनवाणी, डोईवर तुळशीवृंदावन किंवा बोचकं घेऊन आळंदीहून पंढरपूर गाठतात, आणि हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरातलं आहे. त्यामुळे घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत वावरणाऱ्याला या बुटात चालणं लवकर जमतं. धावण्याचं तसं नाही. म्हणून पहिले दोन आठवडे हा बूट फक्त चालायला, रिकाम्या पाठीनं. तिसऱ्या आठवड्यापासून नेहमीच्या धावण्यातला शेवटचा एक किलोमीटर या बुटात, बाकीचं जुन्या बुटात. दर आठवड्याला अर्धा-एक किलोमीटर वाढवा. वजन सर्वांत शेवटी, साधारण महिन्यानंतर, आणि तेही तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. ज्या आठवड्यात धावणं वाढवलं त्या आठवड्यात सॅकचं वजन वाढवायचं नाही, हा नियम पक्का धरा. पूर्ण बदल व्हायला तीन महिने लागतील, कुणाला जास्तही लागतील.

या काळात जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड करा. गुडघे सरळ ठेवून एकदा, थोडे वाकवून एकदा. वाकवून केलेला भाग टाळू नका, कारण पोटरीचा खालचा स्नायू त्यातच तयार होतो आणि चढावर भार तोच ओढतो. पोटऱ्या भरून आल्या, दोन दिवसांत उतरल्या, तर काळजी नाही. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाच टोचली किंवा टाचेमागची शीर आखडलेली वाटली, तर एक पायरी मागे या. पायाच्या वरच्या बाजूला एकाच बिंदूवर, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखलं आणि चालताना ते वाढत गेलं, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर पडायला लागलेली असू शकते आणि तिथे ‘चालून चालून बरं होईल’ हे चालत नाही.

सॅक घेऊन धावू नये, हेही इथेच सांगतो. भरतीसाठी किंवा सैन्यातल्या चाचणीसाठी ज्यांना ते करावंच लागतं त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी वजन असताना चालावं, भराभर चालावं, चढ शोधावा. सॅकमधलं वजन पाठीला चिकटून आणि उंचावर, खांद्याच्या पाळ्यांच्या मध्ये राहील असं भरा आणि कमरेचा पट्टा आवळा. तळाशी लोंबणारं वजन कमरेला मागे ओढतं आणि पावलं टाचेवर आपटायला लावतं, त्यात चांगल्या बुटाचाही उपयोग होत नाही.

शक्य असेल तर पुढे त्याच मापाचा दुसरा जोड घ्या. जुना धावायला ठेवा, नवा सॅकसाठी. एकाच जोडात दोन्ही करायचं झालं तर रविवारच्या भाराच्या चालीनंतर सोमवारी त्याच बुटात धावू नका, दबलेल्या फोमला दिवसभर मोकळं राहू द्या. ओला बूट आतला सोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलात तर गोंद सुटतो. पावसाळा संपला म्हणून बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नका. दमट हवेत काही सोलांचा फोम आतून कुजतो आणि पुढच्या जूनमध्ये वाटेत तुकडे होऊन पडतो. पाचशे ते आठशे किलोमीटर हे साधारण आयुष्य धरा, भार जास्त असेल तर खालचा आकडा. महिन्यातून एकदा दोन्ही बूट टेबलावर डोळ्यांच्या रेषेत ठेवून मागून पाहा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, किंवा टाचेखालचा फोम चवड्याहून स्पष्ट खाली बसलेला दिसला, तर तळाचे दात शाबूत असले तरी तो जोड भारासाठी संपला. बागेत, बाजारात वापरा, सॅक घेऊन निघताना नवा घ्या.